काढा, पुडी आणि किमो: कॅन्सरच्या घरात आलेलं औषध कसं पारखावं

मोठ्या आईची तिसरी किमो लागलीच नाही. पहाटे साडेचारला घर सोडून, फाट्यावर पहिली एस.टी. धरून आम्ही नागपूरला पोचलो होतो. रक्त दिलं, दोन तास बाकावर बसलो, रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. यकृताला इजा झाली की रक्तात एसजीपीटी नावाचा घटक वाढतो. साधारण चाळीसच्या आसपास असतो तो. मोठ्या आईचा दोनशेच्या वर गेला होता. "आज किमो देता येत नाही. हा आकडा खाली येऊ द्या," डॉक्टर म्हणाले, आणि मग विचारलं, "आजी, घरी आणखी काही घेता का? काढा, पावडर, काहीही?"

मोठ्या आईनं मान हलवली. "नाही जी. तुमच्याच गोळ्या."

घरी आल्यावर चहा झाला, आणि तिनं स्वतःच देवघरामागच्या फळीवरून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत गुळवेलीच्या वाळक्या कांड्या होत्या. वर्तमानपत्रात बांधलेल्या तपकिरी भुकटीच्या सोळा पुड्या होत्या. जावयानं मोबाइलवरून मागवलेली, लक्ष्मणफळाचं चित्र असलेली कॅप्सूलची बाटली होती. आणि घरच्या हळदीत मध-मिरी घालून वळलेल्या गोळ्या, बोरं असावीत तशा.

"डॉक्टरले सांगू नोको," ती म्हणाली. "त्यायले राग येते. अन् मले तर बरं वाटून रायलं होतं ना."

मी शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण त्या डब्यातली एकेक वस्तू समजून घेण्यात माझे पुढचे कित्येक महिने गेले. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या ज्या ज्या घरी कॅन्सर आला, त्यातल्या बहुतेक घरी असा एक डबा मी पाहिला आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मान्य करते. हा डबा कुणी मूर्खपणानं भरत नाही. दवाखान्यात मोठ्या आईच्या वाट्याला डॉक्टरांची पाच-सहा मिनिटं यायची. पुडी देणारा माणूस तासभर बसून तिचं ऐकून घ्यायचा. किमोनं केस गेले, तोंडाची चव गेली; काढा मात्र तिच्या हातात होता, तिच्या चुलीवर उकळत होता. आणि नातेवाइकांना माया दाखवायला दुसरं असतं तरी काय? दोन तालुके ओलांडून कुणी मुळी घेऊन येतो, त्याला परत कसं पाठवायचं?

पण ती म्हणाली त्या 'बरं वाटण्या'पाशी मी अडकले. आपल्या भाषेत बरं वाटणं आणि बरं होणं हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि कॅन्सरमध्ये ते कित्येकदा विरुद्ध दिशेला जातात. किमोच्या दिवसांत माणसाला फार वाईट वाटतं आणि गाठ आतल्या आत लहान होत असते. उलट एखाद्या भुकटीनं छान वाटतं आणि गाठ वाढत असते. औषध पारखताना पहिला प्रश्न हाच, की हे मला बरं वाटायला देताहेत की बरं व्हायला?

झाडपाल्यात ताकद असतेच

"झाडपाल्यानं काय होते" असं शहरातला माणूस म्हणतो तेव्हा तोही चुकतो. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. १९५०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतले संशोधक ती मधुमेहावर चालते का हे तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं कमी झाल्या. त्यावरून ब्लड कॅन्सरचा विचार सुरू झाला. त्यातून निघालेलं व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर ते आजही देतात. अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल आलं. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्यापासून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही किमोची औषधं तयार झाली. म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरच्या कपाटात अर्धं रान आहे म्हणा ना.

आता सदाफुलीचाच पुढचा भाग ऐका. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. मोठ्या माणसाला एका वेळी ते सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे नसा निकामी व्हायला लागतात. ते फक्त शिरेतून द्यायचं असतं; चुकून मणक्यात गेलं तर माणूस दगावतो. मग सकाळी अनोशापोटी सदाफुलीची पाच पानं चावणाऱ्याच्या पोटात काय जातं? त्यात व्हिन्क्रिस्टीन नगण्य, आणि बाकी डझनावारी द्रव्यं, कोणतं किती ते कुणी मोजलेलं नाही. पावसाळ्यातलं पान वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं. झाडात औषध असणं आणि झाड हेच औषध असणं यातलं अंतर इतकं मोठं आहे.

हळदीचंही तसंच, आणि हे सांगताना मला जपून बोलावं लागतं. आमच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. करक्युमिन जास्त म्हणून तिचं नाव आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर करक्युमिन टाकलं की पेशी मरतात, हे खरं आहे. पण हळद खाल्ल्यावर ते आतड्यातून रक्तात फारसं उतरतच नाही. जे उतरतं ते यकृत लगेच मोडून बाहेर टाकतं. म्हणून तर कॅप्सूलवाले त्यात मिरीचा अर्क घालतात. मिरीतलं पायपेरिन यकृताची ही मोडतोड थांबवतं. पण ती थांबली की नुसतं करक्युमिनच अडत नाही, तुमची बाकीची औषधंही अडतात किंवा बदलतात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच-पाच वर्षं घ्यायची टॅमॉक्सिफेन नावाची गोळी असते. यकृतात तिचं रूपांतर व्हावं लागतं, तेव्हा ती लागू पडते. २०१९ साली नेदरलँड्समध्ये एका छोट्या अभ्यासात असं दिसलं, की करक्युमिन आणि पायपेरिन सोबत घेतल्यावर त्या लागू पडणाऱ्या रूपाचं रक्तातलं प्रमाण उतरलं. शिवाय तीव्र हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत. भाजीतली चमचाभर हळद खुशाल खावी, तिच्यात काही वावगं नाही. मात्र तीच हळद कॅप्सूलमध्ये किंवा मिरीच्या गोळीत दाबून भरली, की ती मसाला राहत नाही, औषध होते. आणि औषधाला औषधाचे प्रश्न विचारायला हवेत.

धुऱ्यापलीकडचं शेत

बशीतल्या पेशी मारणं सोपं आहे. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशकही मारेल. खरा प्रश्न असा, की माणसाला न मारता, त्याच्या आत बसलेल्या गाठीला मारतं का? लक्ष्मणफळ किमोपेक्षा दहा हजार पट भारी, हा जो निरोप फोनवर फिरतो, त्याच्या मुळाशी असाच बशीतल्या पेशींवरचा प्रयोग आहे. लक्ष्मणफळानं माणसातला कॅन्सर बरा होतो असं दाखवणारी चाचणी झालेली नाही. उलट कॅरिबियन बेटांवरच्या ग्वादेलूपमध्ये ते फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेमानं घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार जास्त दिसला, आणि फळातल्या अॅनोनॅसिन या द्रव्याचा मज्जापेशींवर होणारा परिणाम पाहून शास्त्रज्ञांना त्याचाच संशय आहे.

मग खरं कसं कळतं? हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. समजा, एक एजंट गावात येतो. म्हणतो, हे टॉनिक फवारा, कपाशीला दीडपट बोंडं लागतील. पुरावा म्हणून एका लदबदलेल्या शेताचा फोटो दाखवतो. तुम्ही काय विचाराल? जमीन काळी की मुरमाड? ओलीत की कोरडवाहू? बियाणं कोणतं? आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यानं फवारलं नाही, त्याला किती क्विंटल झाला?

हाच शेवटचा प्रश्न औषधाच्या चाचणीचा गाभा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नवं वाण तपासताना सारख्या जमिनीचे तुकडे पाडतात आणि कोणत्या तुकड्यात कोणतं वाण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. म्हणजे आपल्या आवडत्या वाणाला चांगली जमीन दिली, असं होत नाही. ही पद्धत १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर रोनाल्ड फिशर यांनी बसवली. माणसांच्या औषधात ती नंतर आली. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची अशी चाचणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. सारख्या आजाराचे रोगी घ्यायचे, चिठ्ठी टाकून दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि सगळ्यांची मोजणी करायची. गेलेल्यांचीसुद्धा.

असं मोजल्यावर काय निघतं याची काही उदाहरणं माझ्या मनातून जात नाहीत. गाजरातलं बीटा कॅरोटीन चांगलं, गाजर खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो, असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती, ती १९९६ साली मध्येच थांबवावी लागली. तिथं वाढ २८ टक्के होती. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर टळेल म्हणून ३५ हजार पुरुषांवर पाहिलं. २०११च्या निकालात तो १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जर्दाळूच्या बियांतल्या लाएट्राइलची अमेरिकेत इतकी हवा होती, की सरकारला चाचणी घ्यावी लागली. १९८२ साली १७८ रुग्णांचा निकाल आला. कुणाला ठोस गुण आला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ पोचलं होतं. आज तेच 'बी-१७ जीवनसत्त्व' म्हणून विकतात. ते जीवनसत्त्व नाहीच.

ही सगळी द्रव्यं नैसर्गिक होती, आणि सुरुवातीला सगळ्यांना चांगलीच वाटत होती.

"आमच्या गावचा एक जण बरा झाला"

हे वाक्य ऐकलं की मी वाद घालत नाही, चौकशी करते. तुकडा तपासला होता का, म्हणजे बायोप्सी झाली होती का? गाठ म्हटलं की ती कॅन्सरचीच असते असं नाही. (बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो, या भीतीनं तपासणीच टाळलेले लोक मी पाहिले. ती भीती मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय कोणतंही औषध ठरवता येत नाही.) ऑपरेशन आधी झालं होतं का? पुष्कळदा कॅन्सर ऑपरेशननं गेलेला असतो आणि श्रेय पुडीला मिळतं. २०२४च्या नोव्हेंबरात माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीचा कॅन्सर हळद, कडुनिंब, लिंबूपाणी अशा आहारानं हरला असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आणि किमोही झालेली होती. टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगावं लागलं, की या वस्तूंनी कॅन्सर बरा होतो याला आधार नाही, उपचार लांबवू नका.

आणखी एक विचारते: त्याच माणसाकडून पुडी नेलेले बाकीचे कुठं आहेत? बरा झालेला पानठेल्यावर भेटतो. गेलेल्याच्या घरचे कुणाला सांगायला जात नाहीत, की आम्ही पुडीही दिली होती. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूळ उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या रुग्णांची तुलना तशाच आजाराच्या, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी केली. पर्यायी निवडणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. हे सगळे कॅन्सर पसरण्याआधी सापडलेले होते, म्हणजे उपचाराला ऐन वापसा होता.

आता मोठ्या आईच्या त्या 'बरं वाटण्या'बद्दल. नाव न सांगता दिलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडतात, हे डॉक्टरांना नवं नाही. स्टेरॉइडनं दोन दिवसांत भूक खवळते, सांध्यांचं दुखणं थांबतं, अंगात हुशारी येते, चेहरा भरतो. घरचे म्हणतात, बघा, रंग आला. त्याच वेळी साखर वाढते, जंतूंशी लढण्याची ताकद घटते, आणि किमोनं ती आधीच घटलेली असते. वाईट म्हणजे अशी पुडी महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून पुडी घेत असाल तर घाबरून नाल्यात फेकू नका. आधी डॉक्टरला दाखवा, मग थांबवा.

एकच काटा

यकृताचं काम समजायला जिनिंगचं फाटक डोळ्यापुढे आणा. कापसाच्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत उभे, आणि वजनकाटा एकच. किमोचं औषध हा एक ट्रॅक्टर. तो किती वेळात काट्यावरून पुढं जाईल याचा हिशेब करूनच, तुमची उंची-वजन पाहून डॉक्टरांनी मात्रा काढलेली असते. लागू पडणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांत किमोमध्ये अंतर थोडं असतं. आता मध्येच काढ्याच्या दहा बंड्या घुसल्या. काटा अडला तर किमोचं औषध रक्तात तुंबतं, आणि तेच विष होतं. काही वनस्पती उलट करतात. त्यांच्यामुळे जणू दुसरा काटा उघडतो, आणि औषध काम करायच्या आधीच निघून जातं. तुम्ही किमो घेतली, त्रासही सोसला, आणि गाठीपर्यंत पोचलं निम्मंच.

गुळवेलीचं नाव इथं घ्यावं लागतं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल आली. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढे देशातल्या इतर ठिकाणांहूनही तशा नोंदी आल्या. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच वेल वापरली गेली असेल. आक्षेप मान्य केला तरी रुग्णाचा प्रश्न सुटत नाही, कारण बांधावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती हे मोठ्या आईला कोण सांगणार होतं?

मला सर्वांत जास्त खटकलं ते पुढचं. मोठ्या आईचं यकृत काढ्यानं बिघडलं, की हळदीच्या गोळ्यांनी, की पुडीनं, की किमोनं, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांना डबा माहीतच नसता, तर त्यांनी किमोला दोष देऊन तिचीच मात्रा कमी केली असती. जे औषध खरोखर काम करत होतं, तेच कमी झालं असतं.

यकृताबाहेरचेही काही धोके आहेत. किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात; त्या दिवसांत गव्हांकुराचा कच्चा रस, न शिजवलेली मोडं, गोमूत्र यांतले जंतू रक्तात शिरू शकतात, आणि त्या काळातला ताप म्हणजे रातोरात दवाखाना. ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाच्या, माशाच्या तेलाच्या, हळदीच्या कॅप्सूल साधारण दोन आठवडे आधीपासून बंद हव्यात, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. शेक चालू असताना, म्हणजे रेडिएशनच्या दिवसांत, त्या जागी हळद-तुपाचा लेप लावू नये. ती कातडी भाजल्यासारखी नाजूक असते. काही गोळ्यांच्या कागदावर ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलेलं असतं. पपनसही त्याच घरातलं, म्हणून तेही टाळावं. आपल्या नागपुरी संत्र्याला मात्र घाबरायचं कारण नाही, हे मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण अंबिया बहराच्या दिवसांत मोठ्या आईला संत्र्यापासून लांब ठेवणं कुणाला जमलं नसतं.

पथ्याचा मार

पुडीइतकंच पुडीसोबतचं पथ्य घातक ठरतं. मीठ बंद, आंबट बंद, तुरीचं वरण बंद, दूध बंद, अंडं तर नावच नको. साखरेनं गाठ वाढते म्हणून गूळही बंद. एक महिना असं चाललं की माणूस पाच-सहा किलोनं उतरतो. कॅन्सरमध्ये वजन गळालं की किमो झेपत नाही, जखम भरत नाही, आणि मग पुढची तारीख पुढं ढकलावी लागते. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते. तुम्ही गूळ सोडला तरी शरीर भाकरीतून, आणि भाकरी सोडली तर स्नायूंतून साखर तयार करतं. गाठ उपाशी राहत नाही, रोगी राहतो. मधुमेह नसेल तर पातळ वरणात कुस्करलेली भाकर, तूप, ज्वारीची आंबील, अंडं, दही, शेंगदाण्याची चटणी, जे घशाखाली उतरेल ते थोडं थोडं दिवसातून सहा वेळा द्यावं.

तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या खर्र्याबद्दल बोलल्याशिवाय मात्र राहवत नाही. विदर्भात तोंडाच्या कॅन्सरनं तरणी माणसं जातात, आणि मी अशी घरं पाहिली, जिथं सकाळी झाडपाल्याचा काढा दिला जातो आणि दुपारी खर्रा घोटला जातो. तंबाखूही वनस्पती आहे. सुपारीही. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ साली नोंदवलं. उपचार चालू असताना कुणाला एकच 'नैसर्गिक' वस्तू सोडायची असेल, तर ती ही.

बाटलीवरचा छाप

बाटलीवर चौदा आकड्यांचा एफएसएसएआयचा क्रमांक असला, की लोकांना वाटतं सरकारनं तपासलं. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. लोणच्याच्या बरणीवरही असतो. त्यावरून कॅन्सरवर गुण येतो की नाही, काहीच कळत नाही. आणि १९५४च्या औषधी व जादूचे उपाय कायद्यानं कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायलाच मनाई आहे. म्हणजे कुणी भिंतीवर, पेपरात, फोनवर 'कॅन्सर हमखास बरा' असं लिहिलं, तर पहिल्या ओळीतच तो कायदा मोडतो. पुडीत काय आहे हे सांगायला नकार, किमो बंद करायची अट, आणि पैसे आगाऊ: यातलं एक जरी दिसलं तरी मी उठून येते.

पैशाची बाब मोठी आहे. कापसाचा चुकारा हाती आला, की निम्मा पुडीत जाताना मी पाहिला आहे, आणि त्याच घराला हे माहीत नव्हतं, की महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि शेकही येतो. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा.

ज्यांना डॉक्टरांनी सांगितलं आहे, की आता आजार जाण्यासारखा नाही, त्यांच्याशी बोलताना माझा सूर वेगळा असतो. तिथं 'बरं वाटणं' हेच मोलाचं असतं. एखाद्या आजोबांना तुळशीचा काढा घेऊन समाधान मिळत असेल, तर तो हिसकावणारी मी कोण? फक्त त्यानं जेवण, झोप आणि नातवाच्या शाळेचे पैसे जाऊ नयेत. दुखणं मात्र काढ्यावर सोडू नका. कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात, डॉक्टरच्या सल्ल्यानं घरी घेता येतात, आणि त्या मागण्यात काहीही कमीपणा नाही.

बरं वाटण्यासाठी ज्यांचा खरा उपयोग दिसला आहे अशाही गोष्टी आहेत. थकव्यावर रोजचं चालणं आणि योग यांना चांगला आधार आहे. मळमळीवर आलं काहींना थोडा उतार देतं. तोंड आलं असेल तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. हे किमोच्या सोबत करायचं, तिच्या जागी नाही.

मोठ्या आईला घेऊन त्याच आठवड्यात मी परत नागपूरला गेले. डबा पिशवीत होता. बसमध्ये ती सारखी म्हणत होती, "रागावतील पाय." डॉक्टरांपुढे पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला होता. ते रागावले नाहीत. एकेक वस्तू त्यांनी बाहेर काढून मांडली, किती दिवस, रोज किती, हे लिहून घेतलं. पुड्या पाहून साखर आणि रक्तदाब तपासला आणि दोन दिवस भरती करून घेतलं. गुळवेल बंद, कॅप्सूल बंद, पुडी बंद. हळदीची गोळी हातात घेऊन म्हणाले, "ही भाजीत घाला." तीन आठवड्यांनी एसजीपीटी पस्तीसवर आला आणि तिसरी किमो लागली.

निघताना तिनं हळूच विचारलं, "अन् डॉक्टरसाहेब, आरतीनंतर तुळशीचं एक पान घेतो मी. तेबी सोडू का?"

"ते घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि तेही कागदावर लिहिलं.